खेळाचा लॅपटॉप : खरेदी आणि सहवास

(तृतीय वर्ष, कला शाखा)

कला शाखेतील विद्यार्थिनीने, आणि तीही भूगोल घेतलेल्या, लॅपटॉपवर लेख लिहावा हे आमच्या काही प्राध्यापकांना अंमळ चमत्कारिक वाटेल. 'हा विषय शास्त्र शाखेच्या अंकात शोभला असता' असे संपादक मंडळातील एका मैत्रिणीने सुचवूनही पाहिले. परंतु आमच्या चिखलीच्या दोन खोल्यांत २०२४ च्या दिवाळीपासून असे एक यंत्र नांदत आहे, की ज्याच्यापायी घरात रुसवेफुगवे झाले, बाबांची झोपमोड झाली, विजेचे बिल वाढले आणि माझ्या प्रकल्पाचे नकाशेही तयार झाले. ते घेण्यापूर्वी चार महिने मी त्याचा अभ्यास करीत होते. तितका अभ्यास द्वितीय वर्षाच्या परीक्षेसाठी केला असता तर... असो.

हकिकत अशी. माझा धाकटा भाऊ यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे. दहावीनंतर त्याने एकच धोशा लावला होता : गेमिंग लॅपटॉप. 'कॅडसाठी लागतो' हे त्याचे बाबांना सांगायचे कारण. 'गेम बनवायचा आहे' हे मला सांगायचे कारण. आणि खेळायचा आहे हे न सांगताही सर्वांना ठाऊक असलेले कारण. बाबा चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत पाळ्यांमध्ये काम करतात. त्यांचा बोनस, आईची भिशी आणि 'कमवा व शिका' योजनेतून मी साठवलेले नऊ हजार एवढी पुंजी होती. त्यातील माझे नऊ हजार बी.एड.साठी म्हणून बाजूला होते. 'तुझं बी.एड. अजून दोन वर्षांनी आहे, त्याचं तर आत्ता आहे,' असे बाबा म्हणाले. मला राग आला. पण रागावून बसण्यापेक्षा पैसे जर जाणारच असतील तर ते मूर्खासारखे जाऊ नयेत, हे पाहण्याचे काम मी अंगावर घेतले.

प्रथम एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. साधा लॅपटॉप आणि खेळाचा लॅपटॉप यांत फरक केवळ लाल-निळ्या दिव्यांचा नसतो. साध्या लॅपटॉपात प्रोसेसर हाच मुख्य कारागीर. खेळाच्या लॅपटॉपात त्याच्या जोडीला ग्राफिक्सची स्वतंत्र चिप असते आणि तिची स्वतःची वेगळी मेमरी असते. हे दोघे काम कसे वाटून घेतात, हे मला पुस्तकांपेक्षा बाबांच्या बोलण्यावरून अधिक कळले. कंपनीत टूलरूममध्ये दोन-चार जुने, निष्णात फिटर असतात. कसलेही अवघड काम द्या, विचार करून पार पाडतील. आणि लाइनवर शेकडो कामगार उभे असतात. प्रत्येकाच्या वाट्याला एकच बोल्ट, पण सगळे एकाच वेळी पिळतात. प्रोसेसर म्हणजे टूलरूम, ग्राफिक्सची चिप म्हणजे लाइन. प्रोसेसरमध्ये आठ-दहा गाभे असतात. 'आरटीएक्स ४०५०' नावाच्या लॅपटॉपमधील चिपेत २५६० छोटे गाभे असतात, ४०६० मध्ये ३०७२.

इतके कामगार कशाला? पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. रुंदीत १९२० आणि उंचीत १०८० ठिपके, म्हणजे एका चित्रात सुमारे वीस लाख त्र्याहत्तर हजार. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रे पुरतात, कारण ती आधीच काढून ठेवलेली असतात आणि आपण नुसते पाहत असतो. खेळात मात्र पुढचे चित्र काय असेल हे खेळणाऱ्याच्या बोटावर अवलंबून असते. त्यामुळे ते त्या क्षणीच काढावे लागते. सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा पडदा असेल तर सुमारे तीस कोटी ठिपक्यांचे रंग दर सेकंदाला नव्याने ठरवायचे, आणि एका चित्राला मिळतात जेमतेम सात मिलिसेकंद. सावली कुठे पडते, पाण्यात काय दिसते, धूर किती दाट हा सगळा हिशेब त्यातच.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला तेव्हा देशभर कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. परदेशी महासंगणक मिळण्यात अडचणी आल्या म्हणून तो येथे घडवावा लागला होता. त्याची शक्ती सेकंदाला अब्जांच्या हिशेबात मोजत. आज आमच्या मांडणीवर, पोह्यांच्या डब्याशेजारी असलेल्या यंत्राची ग्राफिक्स चिप सेकंदाला काही लक्षकोटी गणिती क्रिया करते. दोन्हींतील गणिताची जात वेगळी असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे, हे मान्य. तरीही आईला मी ती सांगितली तेव्हा ती म्हणाली, 'मग एवढं सगळं करून हा मुलगा त्यावर गाड्याच का आदळतो?'

आता खरेदीकडे वळू. दुकानात गेल्यावर विक्रेता पहिल्यांदा प्रोसेसरचे नाव सांगतो, मग 'सोळा जीबी, पाचशे बारा जीबी' असे पाढे म्हणतो, आणि शेवटी झाकणावरचे दिवे लावून दाखवतो. जे विचारायला हवे ते तो आपण होऊन सांगत नाही, आणि बहुधा त्यालाही ते ठाऊक नसते. ते म्हणजे ग्राफिक्सच्या चिपेला किती वॅट मिळतात.

हा मुद्दा मी जरा विस्ताराने सांगते, कारण आमच्या चाळीतील एका मुलाचे यातच नुकसान झाले. त्याने ४०६० ची चिप असलेला लॅपटॉप घेतला, सडपातळ आणि दिसायला देखणा. त्याच्या मित्राकडेही ४०६० चाच होता, पण जाडजूड. नाव एक, किंमत जवळपास एक. पण मित्राच्या यंत्रावर खेळ पाण्यासारखा वाहायचा आणि याच्या यंत्रावर अडखळायचा. दोघांनी आधी एकमेकांच्या डोळ्यांना दोष दिला. खरी गोष्ट अशी, की बनवणाऱ्या कंपनीनेच ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही शक्तीवर चालवण्याची मुभा लॅपटॉपवाल्यांना दिलेली आहे. सडपातळ यंत्रात उष्णता बाहेर काढायला जागा नाही, म्हणून तिथे तिला उपाशी ठेवतात. पाटी तीच, जेवण निम्मे. लॅपटॉपच्या खोक्यावर हा आकडा ठळक नसतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावर तपशिलाच्या तक्त्यात, सर्वांत बारीक अक्षरांत असतो. तो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मी तिन्ही दुकानांत 'किती वॅट?' असे विचारले. पहिल्या दुकानात मला चार्जरचे वॅट सांगितले, दुसऱ्या दुकानात 'मॅडम, लॅपटॉप आहे, मिक्सर नाही' असे उत्तर मिळाले, तिसऱ्या दुकानातील एका पोराने मात्र मुकाट्याने तक्ता उघडून दाखवला. लॅपटॉप आम्ही त्याच्याकडूनच घेतला.

नावांचा दुसरा घोळ असा, की टेबलावरच्या संगणकातली चिप आणि लॅपटॉपमधली चिप यांचे नाव सारखे असले तरी वस्तू सारखी नसते. टेबलावरच्या ४०७० ला बारा जीबी स्वतःची मेमरी आहे. लॅपटॉपच्या ४०७० ला आठच. लॅपटॉपच्या ४०६० लाही आठच. ४०५० ला सहा. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून आरंभीच पाहायची. नव्या खेळांची चित्रसामग्री इतकी अवजड झाली आहे, की चार जीबीच्या जुन्या चिपा नव्या खेळांत दमतात.

मुख्य मेमरी मात्र बहुतेक यंत्रांत वाढवता येते. येथे एक गंमत आहे. सोळा जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा आठ-आठच्या दोन असाव्यात. दोन पट्ट्या म्हणजे गोदामाला दोन दारे, माल दुप्पट वेगाने आत-बाहेर जातो. दुकानदार एकाच पट्टीचे यंत्र देतो आणि दुसरी खाच रिकामी असते. आम्ही 'पुढे कधीतरी टाकू' म्हणून दुसरी पट्टी लांबणीवर टाकली, आणि २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर तिचे भाव असे चढले, की धाकटा आता तिचे नाव काढत नाही. पुढे कधीतरी, हे शब्द आमच्या घरात नेहमीच महाग पडले आहेत.

पडद्याविषयी थोडेच सांगते. १४४ हा आकडा सगळे विचारतात. रंग कुणी विचारत नाही. स्वस्त यंत्रांत पडदा वेगवान असतो पण रंग धुऊन निघाल्यासारखे फिके. ज्याला चित्रे, छायाचित्रे किंवा माझ्यासारखे नकाशे करायचे आहेत त्याने 'शंभर टक्के एसआरजीबी' असे लिहिलेले आहे ना हे पाहावे. '४५ टक्के एनटीएससी' असे असेल तर भाताची हिरवी शेते आणि पडीक माळ यांत भेद करताना डोळे फुटतात. साठवणुकीची जागा पाचशे बारा जीबी असली तरी एकेक खेळ शंभर जीबीच्या पुढे जातो, तेव्हा ती सहा महिन्यांत भरणारच. तिथेही दुसरी खाच आहे का ते पाहून ठेवावे.

पैशांच्या बाबतीत दोन शब्द. लॅपटॉपवर अठरा टक्के जीएसटी आहे, हे आईला कळल्यावर तिने 'म्हणजे सरकारचा चार्जर वेगळा' असे उद्गार काढले. हप्त्यांची जी 'बिनव्याजी' योजना दुकानात सांगतात तिच्याबद्दल सावध असावे. शून्य टक्के व्याज असे काही नसते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना तशा योजनांना मनाई केली होती. होते असे, की रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्याला मिळत नाही आणि तेच व्याज. वर प्रक्रिया शुल्क, आणि कार्डावरील हप्त्यांच्या व्याजावर पुन्हा जीएसटी. आम्ही रोख दिले. सत्तर हजारांच्या थोडे वर गेले. बाबांनी नोटा मोजल्या तेव्हा त्यांचा हात जरा थांबला होता, ते मी पाहिले.

काही जण विचारतील, त्याच पैशांत टेबलावरचा संगणक अधिक बलवान मिळतो, तो का घेतला नाही? प्रश्न बिनतोड आहे. ज्याला स्वतःचे टेबल आणि स्वतःचा कोपरा आहे त्याने टेबलावरचाच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे : थंड राहतो, आवाज कमी, आणि एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतो. पण आमच्याकडे जेवणाची जागा, अभ्यासाची जागा आणि झोपायची जागा ही एकच जागा आहे, आणि घराचा करार अकरा महिन्यांचा. चंबूगबाळे आवरून दर दोन-तीन वर्षांनी हलणाऱ्या कुटुंबाला टेबल परवडत नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळ आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, पुढे चाकण बहरले. या सगळ्या वाढीत जे लोक कामाला आले त्यांतील किती जणांच्या वाट्याला स्वतःचा कोपरा आला, हा भूगोलाचा वेगळा प्रकल्प होईल.

यंत्र घरी आले, आणि मग खरा प्रकार सुरू झाला. त्याची खरेदी हा चार महिन्यांचा विषय. त्याच्याबरोबर राहणे हा रोजचा.

पहिल्याच आठवड्यात मी मनगट टेकवले तर हाताला मुंग्या आल्यासारखी झिणझिण झाली. मला वाटले थंडीने. दुसऱ्या दिवशी आईलाही तसेच झाले आणि ती 'करंट मारतो, परत करा' म्हणून हटून बसली. लॅपटॉप निर्दोष होता. चार्जरची पिन तीन पायांची, पण आमच्या भिंतीतील बोर्डाला अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. तिसरे भोक नुसते शोभेचे. अशा वेळी चार्जरमधून जी किंचित गळती जमिनीत जायला हवी ती यंत्राच्या धातूच्या अंगावर रेंगाळते. त्या झिणझिणीने सहसा इजा होत नाही. परंतु ज्या घरात अर्थिंग नाही त्या घरात फ्रीज आणि गिझर यांचेही काही खरे नाही, हे त्या निमित्ताने उघडकीस आले. घरमालकाशी तीन आठवडे बोलणी करून अखेर वायरमन आणला. तेव्हा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी महागाचे यंत्र लावण्यापूर्वी बोर्डाचे अर्थिंग तपासून घ्यावे, आणि व्होल्टेजच्या झटक्यांपासून वाचवणारा चांगला बोर्डही घ्यावा. आमच्या भागात वीज जाते त्यापेक्षा ती परत येते तेव्हा अधिक धास्ती असते.

बॅटरीबद्दल गैरसमज फार आहेत. खेळाच्या लॅपटॉपची बॅटरी खेळण्यासाठी नसते. तारेवाचून खेळायला बसले तर ती तास-सव्वा तासात संपते, आणि तेवढ्या वेळातही यंत्र अर्ध्या ताकदीने चालते. कारण चिपांना लागणारी शक्ती पुरवणे बॅटरीला झेपत नाही. तेव्हा हा लॅपटॉप म्हणजे उचलून नेता येणारा, पण जिथे जाईल तिथे खुंटीला बांधावा लागणारा बैल आहे. सतत तारेवर राहणारी बॅटरी शंभर टक्के भरून ठेवली तर ती लवकर म्हातारी होते, आणि उष्णतेने आणखी लवकर. म्हणून बहुतेक कंपन्यांनी ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय दिलेली असते; ती पहिल्याच दिवशी चालू करावी. आणि पुढे कधी टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा तळ फुगला, तर बॅटरी सुजली असे समजून यंत्र तात्काळ बंद करावे, दाबू-टोचू नये, आणि सेवा केंद्र गाठावे.

वजनाचेही तसेच. यंत्र सव्वादोन किलो, चार्जर आणखी अर्ध्या किलोच्या वर. पीएमपीच्या बसमध्ये निगडीपासून उभ्याने प्रवास करताना हे वजन ज्ञानाचे आहे असे मनाला पटवावे लागते. पिशवीत घालण्यापूर्वी ते पूर्ण बंद करावे; नुसते झाकण लावले तर ते कधी कधी आतल्या आत जागे होते आणि पिशवीतच भट्टी पेटते. धाकट्याने एकदा ते अनुभवले.

भट्टी हा शब्द मी अतिशयोक्तीने वापरलेला नाही. लॅपटॉप भिंतीतून जेवढी वीज घेतो ती सगळी अखेर उष्णताच होते. चित्र, आवाज, जिंकणे, हरणे या सगळ्याचा शेवट गरम हवेत. पूर्ण जोरात आमचे यंत्र सुमारे एकशे ऐंशी वॅट घेते, म्हणजे जुन्या घाटाच्या दोन छतपंख्यांहून अधिक. रोज तीन तास धरले तर महिन्याला सोळा युनिटे. हा आकडा लहान वाटेल. पण ज्यांचे बिल महिन्याला शंभर युनिटांच्या काठावर असते त्यांना ठाऊक आहे, की शंभरच्या पुढचे प्रत्येक युनिट वरच्या दराने लागते. आमचे पूर्वी ब्याण्णव-पंच्याण्णव येत असे.

आत चिपांचे तापमान नव्वद अंशांच्या पुढे सहज जाते. शंभराच्या जवळ पोचले की यंत्र स्वतःच वेग कमी करते, म्हणून ते जळत नाही. पण आपण ज्या वेगाचे पैसे दिले तो मिळतही नाही. बाहेरची हवा जितकी तापते तितके आतले तापमान वर सरकते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलीत दुपारी खेळायला बसणे म्हणजे यंत्राला उन्हात नांगराला जुंपणे होय. उपाय साधे आहेत. यंत्र गादीवर किंवा उशीवर कधीही ठेवू नये. हवा ते खालून ओढते आणि गादी त्याचे नाक दाबते. मागची बाजू दोन बोटे उचलावी. धाकट्याने त्यासाठी आणलेला पंख्याचा स्टँड बंद पडल्यावर आम्ही दोन सोंगट्या लावल्या. तापमानात फरक दिसला नाही. दुसरा उपाय असा, की खेळाला सेकंदाला साठच चित्रे काढण्याची मर्यादा घालावी. डोळ्यांना फारसे कळत नाही, आणि चिपांचे काम निम्म्यावर येते.

धुळीचा प्रश्न आपल्या पट्ट्यात विशेष आहे. चिखलीच्या कुदळवाडीत २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने भंगाराच्या गोदामांसह अनधिकृत बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या खिडकीच्या गजांवर रोज करडा थर बसत असे. जूनमध्ये यंत्राचा आवाज चढला, खेळ अडखळू लागला, आणि धाकट्याने 'चिप गेली' म्हणून जेवण सोडले. उघडून पाहिले तो पंख्याच्या मागच्या तांब्याच्या बारीक पात्यांवर लोकरीसारखा लगदा. ब्लोअरने, आणि पंख्याचे पाते काडीने अडवून धरून, ते साफ केले. पाते मोकळे सोडून हवा मारली तर ते गरगर फिरून बिघडू शकते. त्या दिवसापासून दर तीन महिन्यांनी ही सफाई होते. हमी चालू असताना झाकण उघडलेले चालते का, हे मात्र आधी विचारून घ्यावे. सगळ्यांचे नियम सारखे नाहीत.

आणि आवाज. हा आमच्या घरातील सर्वांत नाजूक विषय. बाबांची तिसरी पाळी असते तेव्हा ते सकाळी आठला घरी येतात आणि दुपारी दोनपर्यंत झोपतात. धाकट्याला कानाला हेडफोन असल्यामुळे वाटते, की आपण निःशब्द खेळत आहोत. पण यंत्राचे दोन पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले, की खोलीत कुकरच्या शिटीआधी होतो तसा अखंड फुसफुसाट भरून राहतो. पहिल्या महिन्यात बाबा दोनदा उठून बसले. बोलले काहीच नाहीत, चादर घेऊन गॅलरीत गेले. तिसऱ्या वेळी मी धाकट्याला बाहेर नेऊन जे सुनावले ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्यानंतर दिनदर्शिकेवर आईने पाळ्या लाल पेनाने लिहायला सुरुवात केली. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी यंत्र 'सायलेंट'वर. पहिल्या पाळीत दुपारी तीनपर्यंत काहीही करा. गुरुवारी, म्हणजे बाबांच्या सुटीच्या दिवशी, पूर्ण बंद. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात तीन 'मोड' दिलेले असतात. ते पाळ्यांप्रमाणे लावायचे असतात हे कंपनीला सुचलेले नसावे.

मध्यंतरी एक भीतीचा प्रसंगही झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली. आईने बातमी अर्धी ऐकली. 'खेळावर बंदी आली म्हणे. आता ह्या सत्तर हजारांचं काय करायचं?' शेजारच्या काकूंनी तर धाकट्याला पोलीस विचारतील असेही सांगून टाकले. बंदी आहे ती पैशांच्या डावाला. कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना त्याच कायद्याने वेगळे स्थान दिलेले आहे. हे समजावून सांगायला मला एक संध्याकाळ लागली. पण आईची धास्ती मला हास्यास्पद वाटली नाही. आमच्याच गल्लीत मोबाइलवरच्या पैशांच्या डावात एकाची दुचाकी गेलेली होती, आणि 'गेम' हा शब्द तिने तिथेच प्रथम ऐकलेला.

खेळात काही अर्थ असतो का, या प्रश्नावर मीही बरेच दिवस आईच्या बाजूची होते. मग धाकट्याने मला 'राजी' हा खेळ दाखवला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने तो २०२० मध्ये काढला. डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी एक मुलगी आपल्या पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते, आणि तिची वाट राजवाड्यांतून आणि पहाडी शैलीच्या चित्रांतून जाते. त्यासाठी फार बलाढ्य यंत्रही लागत नाही. हातात मावणाऱ्या खेळयंत्रावरही तो निघाला होता. मी तो पूर्ण खेळले. बहीण भावाला वाचवते आहे, हे पाहून मी नऊ हजारांबद्दल दोन दिवस काही बोलले नाही.

आणि धाकट्याचे 'गेम बनवायचा आहे' हेही अगदीच थाप नव्हते. चाकणचा संग्रामदुर्ग आपल्यापैकी पुष्कळांनी कांद्याच्या बाजाराकडे जाताना न पाहता ओलांडलेला आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाइस्ताखानाच्या अफाट फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो पडला. तो भुईकोट धाकटा 'ब्लेंडर' नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत विटेविटेने उभा करतो आहे. खंदक किती खोल, पाणी कुठून येत असेल, भोवतालच्या जमिनीचा उतार कसा, हे तो मला विचारतो, आणि मी समोच्च रेषांचा नकाशा काढून देते. असे एक चित्र पूर्ण करायला नुसत्या प्रोसेसरवर चाळीस मिनिटे लागली होती. ग्राफिक्सच्या चिपेने ते पाच मिनिटांत दिले. खेळाच्या लॅपटॉपचा हा उपयोग मला दुकानात कुणी सांगितला नाही.

माझ्या स्वतःच्या कामाला, म्हणजे भोसरी-चाकण भागातील जमिनीचा वापर कसा बदलला याच्या नकाशांना, खरे पाहता एवढी चिप लागत नाही. बरी मेमरी आणि बरा पडदा पुरतो. तेव्हा केवळ अभ्यासासाठी लॅपटॉप हवा असलेल्या मैत्रिणींनी भावाच्या किंवा विक्रेत्याच्या आग्रहाला बळी पडून खेळाचा घेऊ नये. निम्म्या पैशांत, निम्म्या वजनाचा, दिवसभर बॅटरीवर चालणारा मिळतो. ज्याला चित्रे हलवायची आहेत, चलचित्रे जुळवायची आहेत किंवा मनापासून खेळायचे आहे, त्यानेच हा संसार मांडावा.

बी.एड.च्या प्रवेशाचे दिवस आता जवळ आले आहेत. माझे नऊ हजार परत आलेले नाहीत. पण भिशीच्या वहीत जूनच्या रकान्यापुढे आईने माझे नाव लिहिले आहे, आणि ते पेन्सिलीने नसून दिनदर्शिकेवरच्या त्याच लाल पेनाने आहे. या आठवड्यात बाबांची तिसरी पाळी आहे. हा लेख मी सकाळी नऊ ते अकरा या वेळात टाइप केला. पंखे बंद होते, आणि पलीकडे बाबा घोरत होते.